सपाट शहरातून डोंगरातल्या अल्ट्रा मॅरेथॉनकडे: वडोदऱ्यातील नवोदित धावपटूंसाठी तयारी आणि वेगाचे नियोजन

वडोदरा समुद्रसपाटीपासून जेमतेम ३५ ते ४० मीटर उंचीवर वसलेले, सपाट मैदानावरचे शहर आहे. कमाटीबागेच्या फेऱ्या आणि अकोट्याच्या पुलावरून दांडिया बाजारापर्यंतची पहाटेची धाव यांतून दम आणि शिस्त चांगली तयार होते. परंतु डोंगरातल्या शर्यतीत जे स्नायू आणि वेगाचा जो अंदाज लागतो, तो या रस्त्यांवर आपोआप येत नाही. ज्यांनी अर्धमॅरेथॉन किंवा पूर्ण मॅरेथॉन सुखरूप पार केली आहे आणि ज्यांना आता सह्याद्रीतली पहिली पन्नास किलोमीटरची शर्यत खुणावते आहे, त्यांच्यासाठी हे मार्गदर्शन आहे. त्यातली मुख्य गोष्ट सुरुवातीलाच सांगतो. डोंगरात वेग ‘एका किलोमीटरला किती मिनिटे’ या हिशेबाने ठरवायचा नसतो, तो श्रमाच्या मापाने ठरवायचा असतो. आणि मैदानातल्या धावपटूला शर्यत चढावर जितकी महाग पडत नाही तितकी ती उतारावर पडते.

पहिली शर्यत निवडताना

४२.१९५ किलोमीटरपेक्षा लांब असलेली कोणतीही धाव अल्ट्रा मॅरेथॉन म्हणवते, पण डोंगरी शर्यतीच्या बाबतीत नुसते अंतर पाहून नाव नोंदवणे म्हणजे अर्धीच माहिती वाचणे होय. आयोजकांच्या पत्रकात चार गोष्टी शोधाव्यात: एकूण चढाई किती मीटर आहे, शर्यत पूर्ण करण्याची कमाल वेळ म्हणजे कटऑफ किती आहे, दोन एड स्टेशनांमधले, म्हणजे मार्गावरच्या खाण्यापाण्याच्या मदत केंद्रांमधले, सर्वांत मोठे अंतर किती आहे, आणि मार्गाचा किती भाग अंधारात पार करावा लागेल. पन्नास किलोमीटर आणि ८०० मीटर चढाईची शर्यत, आणि पन्नास किलोमीटर आणि ३,००० मीटर चढाईची शर्यत, या दोन अगदी वेगळ्या परीक्षा आहेत. पहिल्या वेळी पन्नासच्या आसपासचे अंतर, २,००० मीटरच्या आगेमागे चढाई आणि सैल कटऑफ असलेली शर्यत निवडावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

वडोदऱ्याहून पुणे रेल्वेने सोयीचे आहे आणि सह्याद्रीतल्या बऱ्याच शर्यती पावसाळा संपल्यावर, थंडीत होतात. त्यामुळे पहिला प्रयत्न तिकडेच करावा. लडाखच्या शर्यतींचे आकर्षण मोठे आहे हे खरे, परंतु लेह शहरच सुमारे ३,५०० मीटर उंचीवर आहे आणि विरळ हवेशी शरीराने जुळवून घ्यायला पुष्कळ दिवस द्यावे लागतात. नोकरी सांभाळून पहिल्याच वर्षी तो खटाटोप करू नये.

श्रमाच्या किलोमीटरचा हिशेब

डोंगरी धावपटूंमध्ये एक साधा आणि उपयोगी नियम रूढ आहे: चढाईचे दर १०० मीटर म्हणजे सपाटीवरचा आणखी एक किलोमीटर धरावा. समजा, एका शर्यतीचे अंतर ५० किलोमीटर आणि चढाई २,२०० मीटर आहे. ५० मध्ये २२ मिळवले की ७२ येतात. म्हणजे ही शर्यत श्रमाच्या दृष्टीने ७२ किलोमीटरची झाली.

आता स्वतःचा दर काढायचा. सरावात डोंगरावर केलेल्या एखाद्या लांब धावेची नोंद घ्यावी. समजा, त्या दिवशी २० किलोमीटर अंतर आणि १,२०० मीटर चढाई झाली आणि त्याला ४ तास ४८ मिनिटे लागली. श्रमाचे किलोमीटर झाले ३२, मिनिटे झाली २८८, म्हणजे दर पडला ९ मिनिटांचा. ७२ ला ९ ने गुणल्यावर ६४८ मिनिटे, म्हणजे १० तास ४८ मिनिटे येतात. पण हा आकडा ताज्या पायांचा आहे. उत्तरार्धातल्या थकव्यासाठी त्यात १० ते १५ टक्के वाढ करावी, सहा एड स्टेशनांवरची पाच-पाच मिनिटे मिळवावीत, आणि मग साडेबारा ते तेरा तास हा प्रामाणिक अंदाज हाती येतो.

हा हिशेब ज्याने केला नाही त्याची फसगत कशी होते ते पाहा. याच शर्यतीत पहिले एड स्टेशन नवव्या किलोमीटरवर आहे आणि तिथपर्यंत ९०० मीटरचा चढ आहे, असे समजू. पावणेतेरा तासांची पन्नास किलोमीटरवर सरसकट विभागणी केली, तर तिथे २ तास १८ मिनिटांत पोहोचायला हवे असे वाटते. श्रमाच्या हिशेबाने मात्र ते १८ किलोमीटर आहेत आणि त्यांना २ तास ४२ मिनिटे लागणेच योग्य आहे. सरसकट विभागणी करणाऱ्या धावपटूला आपण २४ मिनिटे मागे पडलो असे वाटते, तो घाईने पुढचा उतार धावत सुटतो, आणि जी ताकद चाळिसाव्या किलोमीटरसाठी राखायची ती पंधराव्या किलोमीटरवर खर्च करून बसतो. वास्तविक तो अगदी वेळेवर होता.

कटऑफ आपल्या आवाक्यात आहे की नाही हे ताडण्यासाठी आणखी एक जुना नियम आहे. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये डोंगरातल्या चालीसाठी तो मांडला: दर पाच किलोमीटरला एक तास आणि त्याशिवाय दर ६०० मीटर चढाईला आणखी एक तास. वरच्या शर्यतीला या नियमाने सुमारे १३ तास ४० मिनिटे लागतील. म्हणजे कटऑफ १५ तासांचा असेल, तर जो न थांबता चांगल्या चालीने चालत राहील तोही शर्यत पूर्ण करू शकतो. दोन्ही नियम निसरड्या, दगडधोंड्यांच्या उताराला लागणारा वेळ पुरेसा धरत नाहीत, एवढे मात्र ध्यानात ठेवावे.

चोवीस आठवड्यांचे वेळापत्रक

शर्यत डिसेंबरात असेल तर तयारी जूनमध्ये सुरू व्हावी. त्या वेळी आठवड्याला ३० ते ४० किलोमीटर विनासायास होत असतील, तर पाया पुरेसा आहे असे समजावे. पहिले आठ आठवडे केवळ नियमितपणाचे असतात: चार दिवस धाव, त्यातली बहुतेक धाव सहज बोलता येईल इतक्या संथ गतीने, आणि दोन दिवस ताकदीचा व्यायाम. अंतर हळूहळू वाढवावे आणि दर चौथा आठवडा हलका ठेवावा. वडोदऱ्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीपार जातो, तेव्हा त्या दिवसांत पाया घालणाऱ्यांनी पहाटे साडेपाचच्या आत बाहेर पडावे. उष्म्याशी जुळवून घ्यायला शरीराला साधारण दहा ते चौदा दिवस लागतात आणि त्या काळात नेहमीपेक्षा संथ धावण्यात कमीपणा काहीच नाही.

नवव्या आठवड्यापासून सोळाव्यापर्यंत डोंगर सुरू होतो. पंधरा दिवसांतून एकदा जवळचा पावागड डोंगर आणि मधल्या आठवड्यांत शहरातच जिने, पूल आणि ट्रेडमिल, अशी जोडणी नोकरदार माणसाला झेपते. ट्रेडमिलचा चढ १२ टक्क्यांवर ठेवून ताशी ५ किलोमीटरने तासभर चालले की ६०० मीटरची चढाई होते; हा व्यायाम कंटाळवाणा असला तरी भर पावसात याच्याइतका भरवशाचा दुसरा नाही.

सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये नवरात्र येते आणि या शहरात राहून नऊ रात्री गरब्यापासून दूर राहा असा सल्ला देणे व्यर्थ आहे, शिवाय अनावश्यकही. रोज दोन-तीन तास गरबा खेळणे म्हणजे पोटऱ्या आणि घोटे यांना भरपूर काम झाले. म्हणून तो आठवडा हलक्या आठवड्यांपैकी एक धरावा, धाव दोनच दिवस ठेवावी आणि झोप भरून काढावी. मध्यरात्री घरी येऊन पहाटे लांब धावेला निघणाऱ्यांच्या नडग्या आणि टाचा ऑक्टोबर संपता संपता कुरकुरू लागतात.

सतरा ते एकवीस हे आठवडे सर्वांत जड असतात. या काळात शनिवारी चार-पाच तासांची डोंगरी धाव आणि रविवारी त्याच थकलेल्या पायांनी दोन तासांची संथ धाव अशी जोडी दोन-तीनदा करावी. एकाच दिवशी ४५ किलोमीटर धावून शरीर मोडून घेण्यापेक्षा ही पद्धत कितीतरी सुरक्षित आहे. सरावातली सर्वांत लांब धाव किलोमीटरमध्ये मोजू नये, तासांमध्ये मोजावी. सहा ते सात तास पायांवर राहता आले तर पन्नास किलोमीटरच्या शर्यतीसाठी ते पुरेसे आहे. शेवटचे तीन आठवडे टेपरचे, म्हणजे सराव कमी करत नेण्याचे: धावण्याचे दिवस तेच ठेवून अंतर टप्प्याटप्प्याने निम्म्यावर आणि त्याहून खाली आणावे.

उताराचा सराव: मैदानातल्या माणसाचे खरे काम

उतरताना मांडीचा पुढचा स्नायू शरीराचे ओझे रोखण्यासाठी ताणला जात असतानाच आकुंचनाचा जोर लावतो. या उलट्या कामात त्याच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते, आणि म्हणूनच गडावरून उतरल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या भरून येतात व जिना उतरणे अवघड होते. पन्नास किलोमीटरच्या शर्यतीत ही इजा शर्यत चालू असतानाच जाणवू लागते. चढताना दम लागला तर दोन मिनिटे थांबून तो परत मिळवता येतो. मांड्या गेल्या की त्या दिवशी परत मिळत नाहीत. दिलासा असा की या स्नायूंना एकदा उताराची सवय झाली, की पुढचे काही आठवडे तेवढ्याच उताराने बरीच कमी इजा होते. म्हणून शर्यतीआधी पाच-सहा मोठे उतार पायांखालून गेलेच पाहिजेत, आणि शेवटचा मोठा उतार शर्यतीच्या दोन ते तीन आठवडे आधी झालेला असावा.

यासाठी वडोदऱ्याजवळ पावागडासारखी जागा नाही. हालोलमार्गे ५० किलोमीटरच्या आत असलेला हा डोंगर सुमारे ८०० मीटर उंचीचा आहे आणि चांपानेरच्या पायथ्यापासून माथ्यापर्यंत ६०० ते ७०० मीटरचा सलग चढ मिळतो. अटक दरवाजातून जुन्या पायवाटेने डोंगराच्या मधल्या टप्प्यावरच्या माचीपर्यंत आणि तेथून पायऱ्यांनी कालिकामातेच्या मंदिराच्या दिशेने, असा हा मार्ग आहे. सुरुवातीला एकच फेरी करावी, महिन्याभराने दोन, आणि जड आठवड्यांत तीन फेऱ्या झाल्या की दिवसभरात २,००० मीटरच्या आसपास चढाई आणि तितकाच उतार पदरात पडतो. माचीपासून वर उडनखटोला म्हणजे रोपवे आहे. त्याचा मोह उतरताना तर अजिबात धरू नये, कारण आपण तिथे उतरण्यासाठीच गेलेलो असतो. दोन्ही नवरात्रांत, पौर्णिमेला आणि रविवारी भाविकांची दाटी असते. त्या दिवशी सरावासाठी जाऊच नये. आणि इतर दिवशीही पायऱ्यांवर वृद्ध माणसे, कडेवर मुले घेतलेल्या बाया आणि अनवाणी चढणारे भाविक यांना वाट आधी द्यावी व त्यांच्यातून धावत उतरू नये. धावायचे ते माचीखालच्या पायवाटेवर. जांबुघोड्याच्या रानातल्या वाटा मनोहर आहेत, परंतु ते अभयारण्य आहे आणि तिथे बिबट्यांचा वावर आहे. वनखात्याची परवानगी आणि सोबत असल्याशिवाय तिकडे वळू नये.

उतरण्याचे तंत्र मुद्दाम शिकावे लागते. पावले आखूड आणि भरभर पडावीत, पाऊल शरीराच्या फार पुढे टाचेवर आदळू नये, गुडघे किंचित वाकलेले राहावेत, आणि हात तोल सावरण्यासाठी बाजूला मोकळे असावेत. नजर पायाशी न ठेवता तीन-चार मीटर पुढे ठेवावी. आत्ता जिथे पाऊल पडते आहे ती जागा दोन क्षणांपूर्वीच पाहून झालेली असते. भीतीने मागे रेलणे ही नवख्यांची सर्वांत सामान्य सवय आहे आणि घसाऱ्यावर नेमके त्यामुळेच पाय सटकतात. सह्याद्रीतल्या मुरमाड सोंडेवर, वाळलेल्या गवतावर आणि कातळावर पाय वेगवेगळे धरतात, तेव्हा शक्य असल्यास शर्यतीआधी एकदा तरी त्या प्रदेशात जाऊन एखादा गड चढून-उतरून यावे.

शहरातल्या सरावात एक गोष्ट आवर्जून पाळावी. दहा मजली इमारतीच्या जिन्याने एकदा वर गेले की साधारण ३० मीटर चढ होतो आणि वीस फेऱ्यांत ६०० मीटर. बरेच जण चढून झाल्यावर लिफ्टने खाली येतात आणि सरावाचा अधिक मोलाचा अर्धा भाग गमावतात. खाली पायांनीच यावे, कठड्याला न धरता, प्रत्येक पायरीवर पाऊल आवाज न करता टेकवत. त्याच्या जोडीला बैठका आहेतच. जुम्मादादा आणि प्रो. माणिकराव यांच्या आखाड्याचा वारसा असलेल्या शहरात बैठक कशी मारावी हे सांगायला नको, फक्त खाली जाताना मनात चार अंक मोजावेत आणि वर येताना एक. एका पायावर पायरीवरून सावकाश खाली उतरणे आणि पायरीच्या कडेवर चवड्यांनी उचलणे हे दोन व्यायाम आठवड्यातून दोनदा केले तर गुडघे आणि घोटे शर्यतीपर्यंत चांगले तयार होतात.

खाणे आणि पाणी

स्नायूंत आणि यकृतात मिळून साधारण ५०० ग्रॅमच्या आसपास कर्बोदके साठवलेली असतात, आणि बारा तासांच्या कामाला ती पुरत नाहीत. म्हणून पहिल्या अर्ध्या तासातच खायला सुरुवात करावी आणि दर तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके पोटात जातील असे पाहावे. एका मध्यम केळ्यात सुमारे २५ ग्रॅम असतात, मध्यम आकाराच्या उकडलेल्या बटाट्यात जवळपास तितकीच, आणि चार-पाच साध्या खजुरांतही तेवढीच. राजगिऱ्याची चिक्की खिशात टिकते आणि चटकन चघळता येते. घरची सुखडी अनेकांना आवडते आणि ती चालतेही, परंतु तुपामुळे ती सावकाश पचते. म्हणून ती संथ चालीच्या टप्प्यांवर थोडी थोडी खावी, धावताना नको. शर्यतीच्या आदल्या दिवशी चिवडा, शेवउसळ आणि बाहेरचे तिखट-तळकट टाळून वरणभात, मुगाची खिचडी अशा ओळखीच्या अन्नावर राहावे. धावपटूंसाठी मिळणारे कर्बोदकांचे जेल घ्यायचे असतील तर तेच जेल सरावात अनेकदा घेऊन पाहिलेले असावेत. सहा तास काम केलेले पोट गोडाला कंटाळते, त्या वेळी मीठ लावलेला बटाटा किंवा साधा भात जीवदान देतो.

ओआरएसविषयी एक गैरसमज दूर करायला हवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमाणानुसार एक लिटर ओआरएसमध्ये केवळ साडेतेरा ग्रॅम ग्लुकोज असते. ते क्षारांसाठी उत्तम आहे, पण ते अन्न नव्हे. ते पीत राहिल्याने ताकद टिकेल या समजुतीत खाणे टाळू नये.

पाण्याचे प्रमाण प्रत्येकाचे वेगळे असते. सरावात तासभर धावण्याआधी आणि नंतर, घाम पुसून वजन करावे. काहीही न पिता एक किलो वजन घटले तर सुमारे एक लिटर घाम गेला असे समजावे. मेमधल्या वडोदऱ्यातला हा आकडा डिसेंबरातल्या सह्याद्रीला लागू पडत नाही, तेव्हा हिवाळ्यात पुन्हा मोजावे. शर्यतीत तहानेप्रमाणे प्यावे. कमी पिण्याची भीती सर्वांना असते, पण अति पिणेही घातक ठरते: २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचे रक्त तपासले तेव्हा त्यांतल्या १३ टक्क्यांच्या रक्तात सोडियम कमी झालेले आढळले, आणि त्यामागचे मुख्य कारण जरुरीपेक्षा जास्त द्रव पिणे हे होते. बोटे सुजणे, अंगठी घट्ट होणे, मळमळ आणि डोके जड होणे ही लक्षणे दिसली तर आणखी पाणी पिऊ नये आणि वैद्यकीय पथकाकडे जावे.

वेदनाशामक गोळ्या, विशेषतः आयबुप्रोफेन आणि त्या वर्गातली औषधे, शर्यतीच्या आधी आणि शर्यतीत घेऊच नयेत. शरीरातले पाणी कमी झालेले असताना आणि स्नायूंना इजा होत असताना त्या मूत्रपिंडावर मोठा ताण टाकतात.

सामान

खोल खाचांचा तळ असलेले ट्रेलचे बूट नेहमीच्या मापापेक्षा अर्ध्या नंबराने मोठे घ्यावेत, कारण पाय सुजतात आणि उतारावर बोटे पुढे आदळतात. नखे दोन दिवस आधी कापावीत. नवे बूट शर्यतीत प्रथमच घालू नयेत, त्यांनी दोन तरी पावागड पाहिलेले असावेत. पाठीवरची हायड्रेशन बॅग, जादा बॅटरीसह हेडलॅम्प, शिट्टी, अंग झाकणारी चकचकीत आपत्कालीन चादर, वाऱ्याचे पातळ जाकीट आणि फोडांसाठी चिकटपट्टी हे सोबत असावे. आयोजकांनी सक्तीची यादी दिली असेल तर ती शब्दशः पाळावी. मार्गाचा नकाशा फोनमध्ये नेटवर्कशिवाय उघडेल असा उतरवून ठेवावा. काठ्या वापरायच्या असतील तर त्या चालतात का हे नियमांत पाहावे आणि पावागडावर त्यांचा सराव करावा. चढावर त्या मांड्यांचा बराच भार हातांवर घेतात, पण सवय नसेल तर पायांत येतात.

शर्यतीच्या दिवशीचा वेग

मनाने शर्यतीचे तीन भाग करावेत. पहिल्या भागात पूर्ण वाक्य न अडखळता बोलता येईल इतक्याच श्रमाने पुढे जावे, मग शेजारून किती जण पुढे गेले याकडे पाहू नये. वाट अरुंद होते तिथे रांग लागते. धक्काबुक्की करून दहा जागा मिळवण्यात जेवढी ताकद जाते तेवढ्यात दोन किलोमीटर होतात. ज्या चढावर धावण्याचा आणि चालण्याचा वेग जवळपास सारखाच पडतो, तिथे पहिल्या किलोमीटरपासूनच चालावे. हात मांड्यांवर टेकवून, कंबरेतून न वाकता, लांब नव्हे तर लयीत पावले टाकावीत. अनुभवी धावपटूही तीव्र चढ चालूनच पार करतात, त्यामुळे चालताना आपण हरलो असे वाटून घेण्याचे कारण नाही.

पहिला मोठा उतार हा दिवसातला सर्वांत फसवा टप्पा आहे. सकाळची थंड हवा, ताजे पाय आणि पुढे धावणाऱ्यांची रांग यामुळे वेग आपोआप वाढतो. तिथे ठरवून, जितके सहज जमते त्यापेक्षा थोडे हळू उतरावे. श्वासावरून उताराचा श्रम कळत नाही, कारण उतरताना दम लागत नाही. मांड्यांना पडणारा धक्का हेच तिथले माप आहे.

मधल्या भागात ऊन चढते आणि तोच श्रम असूनही नाडीचे ठोके वाढतात. घड्याळातला पेस, म्हणजे दर किलोमीटरचा वेग, घसरला तरी श्रम वाढवू नये. एड स्टेशनवर पोहोचण्याआधी पाच मिनिटे काय करायचे आहे ते मनाशी म्हणावे: बाटल्या भरणे, दोन वस्तू खाणे, दोन हातात घेणे, बुटातला खडा काढणे. खुर्ची दिसली तरी पायांची मलमपट्टी करायची नसेल तर बसू नये. सहा ठिकाणी दहा-दहा मिनिटे रेंगाळले की पूर्ण तास जातो, आणि तो तास धावून भरून काढणे नवख्याला शक्य नसते. टाचेला किंवा बोटाला चुरचुर जाणवली तर मात्र तिथल्या तिथे थांबून पट्टी लावावी. तीन मिनिटांचे ते काम टाळले तर फोड पुढचे वीस किलोमीटर लंगडवतो.

शेवटच्या भागात ताकद उरली असेल तर ती सपाटीवर आणि सौम्य उतारावर खर्च करावी, चढावर नाही. तिथे थोड्या श्रमात अधिक अंतर कापले जाते. बहुतेक नवख्यांचा या टप्प्यात खाण्यातला नेमकेपणा सुटतो, म्हणून घड्याळात दर अर्ध्या तासाला गजर लावून ठेवावा. मन एकाएकी निराश झाले, सगळे सोडून द्यावेसे वाटू लागले, तर आधी काहीतरी गोड खाऊन पंधरा मिनिटे चालावे. पुष्कळदा ती रक्तातली साखर उतरल्याची खूण असते. अंधार पडला की वाट दाखवणाऱ्या फिती दिसेनाशा होतात. बराच वेळ फीत दिसली नाही तर पुढे अंदाजाने न जाता शेवटच्या फितीपर्यंत मागे यावे.

कुठे थांबावे

काही लक्षणांपुढे जिद्द चालवू नये. काहीही पोटात न टिकता सारखी उलटी होणे, बोलण्यात गोंधळ, छातीत दुखणे, काळसर तपकिरी लघवी, किंवा टेकवताच कळ येणारा पाय यांपैकी काहीही दिसले तर जवळच्या एड स्टेशनवर शर्यत सोडावी, बिब म्हणजे छातीवरचा क्रमांक जमा करावा आणि आयोजकांना कळवूनच निघावे. न सांगता परस्पर गाडीत बसून गेलेल्या धावपटूसाठी स्वयंसेवक रात्रभर डोंगर धुंडाळतात.

नंतरचे पंधरा दिवस

संपल्यावर तासाभरात जेवून घ्यावे आणि कोरडे कपडे घालावेत. परतीच्या रेल्वेत खालचा बर्थ आधीच राखून ठेवावा आणि शक्य असल्यास शर्यतीच्या रात्रीचा प्रवास टाळावा. लघवीचा रंग गडद राहिला किंवा मांड्यांची सूज तीन-चार दिवसांत उतरली नाही तर डॉक्टरांना दाखवावे. पहिला आठवडा केवळ चालण्याचा असावा. दुसऱ्या आठवड्यात जिना विनात्रास उतरता आला की अर्ध्या तासाची संथ धाव सुरू करावी. दरम्यान, आठवणी ताज्या असतानाच प्रत्येक एड स्टेशनची वेळ, काय खाल्ले, कोणत्या उतारावर मांड्या दुखू लागल्या आणि श्रमाच्या किलोमीटरचा दर शेवटी किती पडला हे वहीत लिहून ठेवावे, कारण पुढच्या शर्यतीचा अंदाज याच आकड्यांवरून काढायचा आहे.